घाबरण्याचं काम

मला तेलुगू येत नाही. सौदीतल्या रास अल खैरच्या कामगार कॅम्पात उतरलो तोवर मी एकही तेलुगू सिनेमा पाहिलेला नव्हता. त्यामुळे मेसच्या दारात उभा असलेला तो काटकुळा, टक्कल पडलेला, बारीक मिशीचा माणूस कोण, हे मला कळायचं कारणच नव्हतं. आमच्या बसमधल्या तेलुगू पोरांना मात्र बसच्या पायरीवरूनच कळलं. एकाने हातातली बॅग वाळूत टाकली आणि धावत जाऊन त्यांचे पाय धरले. दुसरा त्यांच्यासमोर उभा राहून गुडघे एकमेकांवर आपटायला लागला, दात वाजवायला लागला, तोंडाने विचित्र आवाज काढायला लागला. बाकीचे टाळ्या पिटत होते. तो माणूस काही हसला नाही.

"हात धुऊन घ्या," एवढंच म्हणाला. "डाळ निवतेय."

ते आमचे कॅम्प बॉस. कोणती खोली कोणाला, मेसमध्ये काय शिजणार, पाण्याचा टँकर आला की नाही, हे सगळं बघणारे. मी इलेक्ट्रिशियन. श्रीवर्धनच्या बाजूला खाडीकाठी आमची मुसलमानांची वस्ती आहे, तिथे घरटी एक माणूस गल्फला असतोच. माझे वडील कुवेतला होते, मी सौदीला. जनरेटर आणि मेसची कोल्ड रूम माझ्याकडे असल्यामुळे मला मेसला लागून असलेली खोली मिळाली. त्याच खोलीत तेही राहायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणू लागलो. ते मला तम्मुडू म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. आमचं बोलणं हिंदीत. त्यांचं हिंदी हैदराबादी वळणाचं, माझं मुंबईचं, पण अडत काही नव्हतं.

अण्णा सिनेमात विनोदी नट होते, हे मला पोरांनी सांगितलं. तेव्हा सौदीत सिनेमाचं थिएटर नव्हतं. पोरं मोबाइलवर सिनेमे बघत आणि अण्णांचा प्रसंग आला की आवाज मोठा करत. अण्णा तेवढ्यात उठून तांदूळ निवडणाऱ्यांकडे जाऊन उभे राहत.

त्यांची हकिगत मी त्यांच्याच तोंडून तुकड्यातुकड्यांनी ऐकली, बहुतेक संध्याकाळी, मेसच्या मागच्या पायरीवर चहा पिताना. त्यांची आई गोदावरीकाठच्या एका गावात तंबूतल्या टॉकीजबाहेर फुलं विकायची. तंबूवाला त्यांना फुकट आत सोडायचा, पण बसवायचा अगदी पडद्याखाली. तिथून पडदा धड दिसत नसे, म्हणून ते पडद्याकडे पाठ करून प्रेक्षकांची तोंडं बघत. लोक कुठे हसतात, हसण्याआधी त्यांचे ओठ कसे होतात, हे त्यांनी असं पाहिलं. मोठे झाल्यावर ते मद्रासला गेले, कारण तेव्हा तेलुगू सिनेमे तिथेच निघत. स्टुडिओत लाइट उचलायचं काम मिळालं. एकदा भुताचा प्रसंग चालला होता. घाबरणाऱ्या नटाला घाबरता येईना आणि दिग्दर्शक वैतागला होता. तेवढ्यात भुताचा मेकअप केलेला माणूस पाणी प्यायला म्हणून अण्णांच्या पाठीमागून आला. अण्णांनी वळून पाहिलं आणि त्यांचे गुडघे गेले. हातातला दिवा पडला. तोंडून जो आवाज निघाला, त्यावर अख्खं युनिट हसून लोळलं. दिग्दर्शक म्हणाला, दिव्यांचं काम दुसऱ्या कोणाला द्या, याला इकडे आणा.

"तेव्हापासून मी घाबरतोय, तम्मुडू," अण्णा म्हणाले. "भुताला घाबरलो, कुत्र्याला घाबरलो, सासऱ्याला घाबरलो. हिरोला घाबरलो, हिरोइनला त्याहून जास्त. आयुष्यभर दुसरं कामच दिलं नाही कोणी."

सिनेमे हैदराबादला गेले तसे तेही गेले. लग्न झालं, एक मुलगी झाली, घर झालं. मग बायकोच्या आजारपणात घर गेलं आणि बायकोही गेली. टीव्हीवरची नवी पोरं सिनेमात आली आणि अण्णांचा फोन वाजेनासा झाला. एका मंडळाबरोबर ते बहरीनला स्टेज शो करायला आले, तिथे त्यांना एक तेलुगू ठेकेदार भेटला. म्हणाला, सौदीला चला, आपली हजारो माणसं तिथे आहेत, मॅनेजर करतो. अण्णा आले. व्हिसावर मजूर असं लिहिलेलं होतं, ते इथे आल्यावर कळलं. मुलीला त्यांनी मॅनेजर झालो असंच सांगितलं होतं.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग सौदीकरणाची हवा सुरू झाली. कोणत्या कंपनीत किती सौदी माणसं आहेत, यावर कंपनीचा रंग ठरायचा. हिरवी असेल तर ठीक, लाल असेल तर तिच्या कामगारांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, नवे करून मिळायचे नाहीत. आमच्या कंपनीत सौदी म्हणून कफिलाचा, म्हणजे आमच्या सौदी मालकाचा, एक पुतण्या दाखवलेला होता, तो कधी कोणी पाहिला नाही. आमची कंपनी लाल झाली. आधी साइटवरचं काम थांबलं, मग सुपरवायझर सुट्टीवर म्हणून गेला तो आलाच नाही. ठेकेदाराचा फोन बंद. कफील फोन उचलेना. जनरेटरचं डिझेल संपलं आणि माझं काम तिथेच संपलं.

इकामा संपलेला माणूस म्हणजे काय, हे परदेशात न राहिलेल्याला सांगून कळत नाही. तुम्ही काही केलेलं नसतं, पण जिथे उभे असता तिथे उभं राहणं हाच गुन्हा झालेला असतो. दुकानात जायची भीती. आजारी पडायची भीती. लांब रस्त्यावर पांढरी जीप दिसली की आम्ही भिंतीआड व्हायचो. ज्यांचे ओळखीपाळखीचे कोणी होते ते एकेक करून निघून गेले, कोणी तबूकला, कोणी जेद्दाला. मागे राहिलो ते आम्ही काहीजण आणि मल्याळी कुक. तो कॅटरिंग कंपनीचा माणूस, त्याचा इकामा चालू होता. त्याला कोणी न्यायला येईपर्यंत तो होता.

अण्णांची अवस्था आमच्याहून वाईट होती. त्यांच्यावर कफिलाने हुरूब टाकल्याचं त्यांना कोणीतरी फोनवर सांगितलं, म्हणजे हा माणूस पळून गेला अशी सरकारी नोंद. पळून गेला म्हणे! अण्णा तर त्याच्याच कॅम्पात त्याच्याच खाटेवर बसलेले होते.

एका सकाळी मी पाण्याच्या टाकीवर चढलो होतो. हायवे सोडून आमच्याकडे वळणाऱ्या गाड्या मला वरून दिसल्या. पुढे जीप, मागे जाळीची बस. जवाजात, म्हणजे परदेशी माणसांचे कागद तपासणारे पोलीस. मी ओरडलो की नाही आठवत नाही, पण पोरं मागच्या वाळूच्या ढिगाऱ्यांकडे पळाली. अण्णांच्याने पळवेना. शूटिंगमध्ये एकदा पडून त्यांची कंबर कायमची गेली होती. मी त्यांचा हात धरून मेसमध्ये शिरलो. कुकने आमच्याकडे पाहिलं, बंद पडलेल्या कोल्ड रूमचं दार उघडलं आणि म्हणाला, "अंदर जाओ."

आत गेलो, दार बंद झालं, बाहेरून कडी बसली आणि तेव्हा मला आठवलं की आतून उघडायची मूठ तुटलेली आहे. स्टोअरला सांगून ठेवलं होतं, पार्ट आलाच नव्हता.

आत मिट्ट काळोख. कुजक्या कांद्याचं एक पोतं राहून गेलं होतं, त्याचा वास डोळ्यांत जात होता. बाहेर बुटांचा आवाज आला. भांडं पडल्याचा आवाज आला. कोणीतरी दारावर थाप मारली आणि अरबीत काही विचारलं. कुकचा आवाज आला, "खराब, खराब, बदबू." बाहेर कडी किंचित खडखडली. मग खडखडायची थांबली. बूट लांब गेले. कुकचा आवाजही त्यांच्याबरोबर लांब गेला. गाड्यांची दारं लागली. इंजिनं सुरू झाली. मग काहीच नाही.

आम्ही कुकची वाट बघत बसलो. तो येईना.

पोलीस त्यालाच घेऊन गेले असतील, हा विचार मला आला तेव्हा माझ्या पाठीवरून घाम वाहत होता. ती खोली मी स्वतः दुरुस्त केलेली होती. दाराच्या चारी कडांना रबर आहे, भिंती फोमच्या आहेत, हवा यायला चीरसुद्धा नाही, हे मला माहीत होतं. अण्णांना माहीत नव्हतं. मी उठलो आणि दारावर मारायला हात उगारला. अण्णांनी अंधारात माझा शर्ट पकडून मला खाली ओढलं आणि माझ्या तोंडावर हात ठेवला. त्यांचा हात बर्फासारखा होता.

"एक माणूस मागे ठेवून जातात," ते माझ्या कानात म्हणाले. "थांब जरा."

"अण्णा, हवा नाहीये आत."

"आहे. आपण बोलतोय ना? म्हणजे आहे."

मग ते हळूच म्हणाले, "एकदा मला पेटीत घातलं होतं. सिनेमातच. हिरोइनचा बाप येतो म्हणून मी पेटीत लपतो, असा प्रसंग. पेटी बंद केली आणि जेवणाची सुट्टी झाली. कोणाच्या लक्षात नाही."

"मग?"

"मग काय. ओरडलो."

"आणि?"

"हसले सगळे. त्यांना वाटलं मी रिहर्सल करतोय. पान खात होते आणि हसत होते. शेवटी एक बाई आली, केस विंचरणारी. ती म्हणाली, अरे, हा खरंच रडतोय."

मला श्वास पुरेनासा झाला होता, की तसं वाटत होतं, सांगता येत नाही. मी कलमा म्हणत होतो. बाजूला अण्णा तेलुगूत कोणाचं तरी नाव घेत होते. मुलाबाळांचे चेहरे डोळ्यांसमोर येतात म्हणतात. माझ्या डोळ्यांसमोर फक्त ती तुटलेली मूठ होती.

कडी सरकली आणि उजेड आत आला. कुक दारात उभा होता, ओठ पांढरे पडलेले. त्याला गेटपर्यंत नेऊन त्याचे कागद तपासले होते आणि गाड्या लांब जाईपर्यंत तो तिथेच हात वर करून उभा राहिला होता. आम्ही बाहेर आलो. मी जमिनीवर बसलो. अण्णा दाराला धरून उभे राहिले.

तेवढ्यात वाळूत लपलेली पोरं परत आली, तोंडात, केसांत वाळू. त्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांचे गुडघे एकमेकांवर आपटत होते, दात वाजत होते, डोळे कपाळात गेले होते. एक पोरगा फस्सकन हसला. मग दुसरा. मग सगळेच. अण्णा "नको रे, नको," म्हणायला गेले, पण दात वाजत असल्यामुळे शब्दाचे तुकडे झाले, आणि पोरं पोट धरून खाली बसली. मी त्यांच्यावर ओरडलो. मला शिवी द्यायची होती, ती मराठीत निघाली. पोरं वाईट नव्हती. एवढा वेळ ती तापलेल्या वाळूत तोंड खुपसून पडली होती, आणि समोर पाहिलं तर लहानपणापासून ओळखीचा तो चेहरा.

अण्णा भिंतीला पाठ घासत खाली बसले. मग एकाचं हसू थांबलं. त्याने जवळ जाऊन पाहिलं आणि धावत पाणी आणायला गेला.

"त्यांची चूक नाही," अण्णा नंतर मला म्हणाले. "मीच शिकवलंय त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मिशी काढून टाकली. तेलुगू माणूस दिसेल तिथे त्यांना हाक मारायचा, आणि आता त्यांना हाक नको होती. मिशीशिवाय ते एकदम म्हातारे दिसायला लागले.

काही आठवड्यांनी सरकारने माफीची मुदत जाहीर केली. ज्यांचे कागद बिघडले आहेत त्यांनी दंडाशिवाय देशाबाहेर जावं. पण त्यासाठी आधी रियाधच्या आपल्या वकिलातीत जायचं, आणि तिथवर जाताना रस्त्यात पोलिसांनी धरलं तर काय, हे कोणी खात्रीने सांगेना. एक पाकिस्तानी ड्रायव्हर आम्हाला पिकअपमधून न्यायला तयार झाला. निघताना कुकने आम्हाला खबूस आणि उकडलेली अंडी बांधून दिली, ती आम्ही खाल्लीच नाहीत.

हायवेवरच्या चेकपोस्टला गाडी थांबवली. शिपाई कोवळा होता, मिसरूड फुटलेला. त्याने आमचे संपलेले इकामे हातात घेतले आणि बराच वेळ उलटसुलट बघत राहिला. अण्णांनी माझा हात घट्ट धरला होता. शिपायाने अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग इकाम्यावरच्या मिशीवाल्या फोटोकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे.

"खुरूज?" त्याने विचारलं. देश सोडून चाललात का?

"खुरूज," मी म्हणालो.

"यल्ला," तो म्हणाला आणि कार्ड परत दिली. आमच्या मागची गाडी पाहायला निघूनही गेला. मला पुढचे कित्येक मैल खिडकीतून काही दिसलं नाही.

वकिलातीबाहेर माणसांचा समुद्र होता. डोक्यावर पुठ्ठे धरून लोक उन्हात उभे. अण्णा मान खाली घालून माझ्यामागे. मिशी नव्हती, टोपी होती, तरी त्यांनी पाणी मागितलं आणि आवाजावरून ओळखले गेले. "अण्णा!" कोणीतरी ओरडलं आणि गराडा पडला. मोबाइल वर झाले. अण्णांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि गर्दी खूश झाली; त्यांना वाटलं पोज आहे. तो फोटो संध्याकाळच्या आत सगळीकडे गेला, त्यांच्या मुलीच्या गावापर्यंतसुद्धा. तिचा फोन आला तेव्हा अण्णा भिंतीकडे तोंड करून बोलले. मला त्यातलं "अम्मा, अम्मा" एवढंच समजलं. मुलीला ते अम्मा म्हणत.

"काय म्हणाली?"

"काही नाही. जेवलात का म्हणाली."

वकिलातीचा कागद मिळाला. राहिले फक्त जवाजातच्या ऑफिसात द्यायचे बोटांचे ठसे. ते दिले की विमान. ठसे घेणाऱ्या कारकुनाने माझी बोटं काचेवर दाबली, स्क्रीन बघितला, शिक्का मारला. माझ्यामागे अण्णा. त्यांची बोटं काचेवर ठेवली. कारकुनाने स्क्रीन बघितला, पुन्हा बोटं ठेवायला लावली, आणि शेजारच्या शिपायाला एकच शब्द म्हणाला, "मतलूब." पोलिसांना हवा असलेला माणूस. कफिलाने त्यांच्यावर नुसता हुरूब टाकला नव्हता, मेसचं सामान चोरल्याची तक्रारही केली होती. त्या मेसमधून काय चोरणार, कुजके कांदे?

शिपायाने अण्णांचं कोपर धरलं. मी अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. गुडघे हलत नव्हते, दात वाजत नव्हते. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, धुतलेल्या पाटीसारखा कोरा. एवढा घाबरलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

"मुलीला सांगू नको, तम्मुडू," ते म्हणाले. दार बंद झालं.

मी घरी पोचलो. पोचल्यावर बायकोने पहिल्या जेवणाला कोलंबीचं कालवण केलं होतं. मी ताटावर बसलो आणि मला रडू आलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सांगू नको म्हनाले म्हनून गप रहाल काय? आपली पोर असती तर?" मी लगेच अण्णांच्या मुलीला फोन लावला. सांगितलं ते बरं केलं, असंच मला आजही वाटतं. मुलीने तिथल्या तेलुगू मंडळींना गाठलं. दम्मामला राहणारा एक इंजिनियर पुढे आला. त्याची स्वतःची नोकरी सौदीकरणात जायला टेकली होती, तरी तो सुट्टीच्या दिवशी गाडी काढून कफिलाच्या दारात जाऊन बसायचा. कफील भेटत नसे. शेवटी एकदा कफिलाच्या म्हाताऱ्या वडिलांनी त्याला आत बोलावलं, कहवा पाजला, सगळं ऐकलं आणि मुलाला समोर उभं करून तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर सही करायला लावली. हिवाळा सरता सरता अण्णा सुटले आणि थेट विमानात बसले.

पुढच्या वर्षी मी बायकोला घेऊन त्यांच्याकडे गेलो. मुलीच्या घराच्या मागच्या बाजूला त्यांची खोली होती, दारात केळी. मिशी परत आली होती, पण पांढरी. त्यांनी माझ्या बायकोला नमस्कार केला आणि तेलुगू, हिंदी, हातवारे असं सगळं वापरून तिला जेवायचा आग्रह केला. मुलीने चिंच घातलेलं माशांचं कालवण केलं होतं. बायको तिच्याबरोबर स्वयंपाकघरात गेली, त्यात काय काय घातलंय ते विचारायला.

तुरुंगात काय काय झालं, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनीच थोडं सांगितलं. पहिले काही दिवस त्यांनी आपण कोण ते कोणाला कळू दिलं नाही. मग कोठडीतला एक तेलुगू कामगार रात्रंदिवस रडायला लागला, जेवेना. तेव्हा त्याच्यासमोर त्यांनी ते गुडघे आपटले. "फारसं जमलं नाही," ते म्हणाले. "पण जेवला तो."

"आता सिनेमात काम करता?"

"एक आलं होतं. रात्री स्मशानाची राखण करणारा म्हातारा. भूत बघून घाबरतो. मी केलं. दिग्दर्शक पोरगा आहे, चांगला आहे. म्हणाला, अण्णा, काही दिसतच नाही चेहऱ्यावर. मी म्हटलं, बाबा, माणूस असाच घाबरतो. तो म्हणाला, तसं नको, पहिल्यासारखं करा ना."

"मग?"

"मग केलं पहिल्यासारखं. हसले सगळे." त्यांनी पानातला काटा बाजूला काढला. "काम आहे ते, तम्मुडू. नाही कशाला म्हणायचं?"

"भीती नाही वाटली? करताना?"

"कॅमेऱ्यासमोर कसली भीती," ते म्हणाले. "शूटिंगहून येताना हायवेवर पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. ड्रायव्हरचं लायसन्स बघायला. तेव्हा मात्र मला गाडीतून उतरता आलं नाही. मुलीने हात धरून उतरवलं."

माझंही तेच होतं, अजून आहे. मुलीने आणखी भात वाढला, अण्णा तिला पुरे म्हणाले, आणि माझ्या ताटाकडे बोट दाखवून त्याला वाढ म्हणाले.